शालनताईंनी रस्ता दिला नाही

कुरिअरवाल्यानं सहीसाठी मोबाइल पुढे केला, की शालनताई त्याला ओट्यावर बसवत, प्यायला पाणी देत आणि म्हणत, "वाच."

"काय वाचू, मावशी?"

"ज्याच्यावर सही पायजेल ते. मोठ्यानं वाच."

पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं असे. पाकीट चांगल्या अवस्थेत मिळालं, असा काहीतरी त्याचा अर्थ. शालनताई पाकिटाकडे बघत. "अजून फोडलंच न्हाई. चांगलं हाय का वाईट, मला काय म्हाईत?" मग पाकीट फोडलं जाई, आतली वस्तू उलटसुलट बघितली जाई, तोवर बाहेर त्याची मोटरसायकल धडधडत राही. त्या भागातले कुरिअरवाले त्यांचं पाकीट सगळ्यात शेवटी ठेवत.

मी त्यांच्याकडे नऊ वर्षं भाड्यानं राहिले. गाव निघोज्याच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, कारण यातली माणसं अजून तिथंच आहेत. नवरा चाकणच्या एका कंपनीत वेल्डर, मी दुसऱ्या कंपनीत माल तपासणीला. आम्ही लातूरकडचे. शालनताईंच्या पत्र्याच्या चार खोल्यांत आमच्यासारखीच बाहेरून आलेली कुटुंबं राहायची.

पहिल्या दिवशी भाडेकरारावर सही करायला मी पेन उघडलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "आधी वाच. आन ह्यात तुला काय पटत न्हाई ते सांग."

भाडेकरूला काय पटत नाही, हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. मी चाचरत सांगितलं, मालकाच्या मर्जीनं कधीही खोली खाली करावी लागेल असं लिहिलंय, ते पटत नाही. शालनताईंनी कागद हातात घेऊन ती ओळ स्वतः वाचली, खोडली आणि बाजूला दोघींच्या छोट्या सह्या घेतल्या. मग पेन माझ्या हातात दिलं.

"आता कर. ही तुझी सही. मगाशी केली असतीस, ती माझी व्हती."

मला बाई विक्षिप्त वाटली. एवढ्या कागदाच्या धाकात का राहते, ते हळूहळू कळलं.

शालनताई गावातल्या गावात दिलेल्या. वरच्या आळीत माहेर, खालच्या आळीत सासर. सासरची जमीन कंपन्यांसाठी केव्हाच गेली होती. नवरा रामदासभाऊ भला माणूस, दोन शेळ्या आणि रेडिओ यांत रमलेला. माहेरी एकच भाऊ, संपत. त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. आई लवकर गेली म्हणून शालनताईंनी त्याला कडेवर वाढवलेला. पुढे तो जमिनींचे व्यवहार जुळवून द्यायला लागला आणि गाव त्याला संपतशेठ म्हणायला लागलं. शालनताई संपाच म्हणत.

वडील वारले. दहावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी संपतशेठ गाडी घेऊन बहिणीच्या दारात आले. "ताई, वारसनोंद करायचीय. दोन सह्या लागतात." शालनताई तशाच उठून गेल्या. ऑफिसात फोटो निघाला, मशिनवर अंगठा झाला, दाखवलं तिथं सह्या झाल्या. येताना भावानं साडी घेऊन दिली. हिरवी, जरीची. त्या दिवाळीला त्यांनी ती नेसली.

दोन वर्षांनी कशासाठी तरी सातबारा लागला म्हणून त्या सेवा केंद्रात गेल्या. उताऱ्यावर त्यांचं नाव नव्हतं. केंद्रवाल्यानं फेरफार काढून बघितला आणि म्हणाला, "ताई, तुमी हक्क सोडलाय."

"कवा?"

त्यानं तारीख सांगितली. वडिलांच्या दहाव्याचा दुसरा दिवस.

"जे कधी हातात घेतलंच न्हाई, ते सोडलं कसं?"

हा प्रश्न त्यांनी त्या केंद्रवाल्याला विचारला, तलाठ्याला विचारला, पुढे वकिलाला विचारला. मला तर इतक्यांदा विचारला, की मी जेवायला बसले तरी तो शेजारी बसलेला असे. हक्क जन्मानं येतो म्हणता, मग तो नकळत जातो कसा? न कळता दान होत न्हाई, न कळता लग्न होत न्हाई, मग हे कसं झालं?

त्या संध्याकाळी त्यांनी ती हिरवी साडी पेटीतून काढली, वरच्या आळीत गेल्या, संपतशेठच्या अंगणात टाकली आणि पेटवली. जर काळी पडेपर्यंत उभ्या राहिल्या. मग राजगुरुनगरला जाऊन वकील बघितला.

हे सगळं मी राहायला येण्याच्या वर्षभर आधीचं. मी आले तेव्हा दावा चालू होता आणि हक्कसोडपत्राची नक्कल त्यांना तोंडपाठ होती. 'मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, भावावरील प्रेमापोटी...' पोळ्या लाटता लाटता त्या हे म्हणत. 'प्रेमापोटी' आलं की लाटण्याचा आवाज बदले.

"प्रेमापोटी मागायचं व्हतं ना," एकदा म्हणाल्या. "ताई, समदी जमीन दे, म्हणला असता, तर दिली असती गं मी. हसत दिली असती. पर मला इचारायचं व्हतं. मी व्हय म्हणायला हाय, हे तरी धरायचं व्हतं."

मी त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं, मीही लातूरला भावांना सही देऊन आलेय. राजीखुशीनं.

लाटणं थांबलं. "राजी व्हतीस, का खुशी?"

मी तव्यावरची पोळी उलटली.  त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

दाव्याची बातमी गावात पसरली तशी गावाला भीती वाटायला लागली. जमिनीचे भाव आभाळाला भिडलेले, घरोघर एखाद-दुसरी लेक बाहेर दिलेली. आज शालन, उद्या कोण? पुढच्या ग्रामसभेत संपतशेठच्या बाजूचा एक जण उठला. गावातल्या लेकींनी माहेरच्या जमिनीवर दावे लावायचे नाहीत. जी लावील तिच्या घरी गावानं जायचं नाही. गावाच्या एकीसाठी हा ठराव. पटापट हात वर झाले. मागं बसलेल्या बायकांचेही झाले. मी दाराशी उभी होते, मला तिथं मत नव्हतं.

शालनताई उठल्या. पदर खोचला.

"संपाचं घर चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "दोन मजली. मला लई आवडतं. करा हात वर, माझ्या नावावर करू."

लोक हसले.

"हसता कशाला? हात तेवढेच हायेत की."

"अगं, त्याचं घर त्याचं हाय, शालन," एक म्हातारे समजावणीनं म्हणाले.

"मग माझं माझं का न्हाई, नाना? त्याच्या घराला हात पोचत न्हाईत आन माझ्या वाट्याला बरं पोचतात?" आणि त्या ग्रामसेवकाकडे वळल्या. "लिवा, भाऊसाहेब. ठराव लिवा. कोणी कोणी हात वर केला, नावानिशी लिवा. मला नक्कल पायजेल."

ग्रामसेवकानं पेन खाली ठेवलं. असा ठराव लिहिता येत नाही, कायद्यात बसत नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला.

"लिवता येत न्हाई, ते करता कसं येतं?"

मग एक-एक हात खाली यायला लागला. नाव लिहून घ्यायला कोणी तयार नव्हतं. ठराव झाला नाही. पण गावानं तो पाळला. संक्रांतीला त्यांच्या दारात कोणी आलं नाही, लग्नाच्या पत्रिका बंद झाल्या. शालनताईंनीही पाळलं. एकेचाळीस हात वर झाले होते, त्यांना एकेक आठवत होता. त्या एकेचाळिसांच्या उंबऱ्यावर त्या पुन्हा चढल्या नाहीत. नाना वारले तेव्हा त्यांची अंत्ययात्रा खालच्या आळीवरून गेली. सगळ्यांनी दारातून हात जोडले. शालनताई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"मेलेल्या माणसाशी कसलं वैर?" रामदासभाऊ म्हणाले.

"हात वर केला तवा जिता व्हता."

हे मला आवडलं असं नाही. नाना माझ्याशी बाहेरची म्हणून कधी वाईट वागले नव्हते. पण शालनताईंना मी हे बोलू शकले नाही. त्यांचा राग घरातल्या जात्यासारखा होता. त्याला बाजूला सरकवून कोणी जागा करायला गेलं तर आपलीच बोटं चेंगरायची.

संपतशेठच्या उलटतपासणीच्या दिवशी मी सुट्टी टाकून शालनताईंबरोबर कोर्टात गेले. त्यांच्या वकीलबाई बारीक अंगाच्या, चष्मा सारखा घसरणाऱ्या. आधीच्या तारखेला भावाच्या वकिलानं शालनताईंना विचारलं होतं, तुम्हाला वाचता येतं ना, मग सही करताना वाचलं का नाही? त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "कडेवर वाढवल्याला पोरगा व्हता. त्याचा कागद वाचायचा असतो, हे मला म्हाईत नव्हतं." आज पाळी भावाची होती. पांढराशुभ्र शर्ट, बोटात अंगठ्या. वकीलबाईंनी इकडचं तिकडचं थोडं विचारलं आणि मग सहज म्हणाल्या, "सही घेताना कागद कसला आहे, हे तुम्ही बहिणीला सांगितलं होतं?"

संपतशेठ हसले. सगळ्या कोर्टाला हे कळतंच आहे, अशा थाटात म्हणाले, "सांगितलं असतं तर केली असती का तिनं सही?"

त्यांच्या वकिलानं मान खाली घातली. न्यायाधीशांनी ते वाक्य सावकाश, एकेक शब्द करून टायपिस्टला सांगितलं. संपतशेठच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा कुठं जायला लागलं. मी शालनताईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. त्या ते वाक्य पाठ करत होत्या.

पुढं निकाल लागायला अजून तारखा पडल्या, पण दावा त्या दिवशीच संपला होता. हक्कसोडपत्र रद्द, जमिनीचे दोन समान वाटे. निकाल ऐकून बाहेर आलो तेव्हा मी म्हणाले, "ताई, न्याय झाला."

"सूड झाला."

"असं नका म्हणू."

"का? कोर्टानं न्याय म्हणावं, त्यांचं ते काम हाय. मी सूड म्हणते. कागद एकच."

मी पुढे बरेच दिवस यावर विचार करत राहिले. मला वाटायचं, न्याय मिळाला की माणूस निवतं. शालनताई निवल्या नाहीत. संपतशेठची मुलगी, जिला त्यांनी बाळपणी पायावर घेऊन अंघोळ घातली होती, स्वतः लग्नाचं आमंत्रण घेऊन आली आणि ओट्यावर बसून रडली. शालनताईंनी तिला जेवू घातलं, आपल्या कानातली फुलं काढून तिच्या हातात ठेवली. "तुझ्यावर राग न्हाई. पर तुझ्या बापाच्या मांडवात मी पाय ठिवणार न्हाई."  लग्नाच्या दिवशी वरच्या आळीतून वाजंत्री ऐकू येत होती आणि त्या अंगणात मिरच्या निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, जाऊन या. त्यांनी एक देठ खुडून बाजूला टाकला.

मोजणी झाली. संपतशेठनं मागच्या निम्म्या जमिनीत मोठी शेड बांधून एका कंपनीला गोदामासाठी दिली होती. बांधकाम त्यांचं म्हणून मागचा वाटा त्यांना राहिला. पुढचा, डांबरी रस्त्यालगतचा, शालनताईंना आला. शेड वाचली म्हणून संपतशेठ खुशीत होते. पुढच्या रानात पीक असे म्हणून त्यांच्या गाड्या आधीपासून शेजारच्या रानातून ये-जा करत, त्यामुळे वाटेचा विचार कोणाला सुचला नाही. वर्षभरात शेजाऱ्यानं ते रान विकलं आणि घेणाऱ्यानं भिंत घातली. आता शेडला जायला एकच जागा उरली: शालनताईंच्या रानातून.

त्यांनी आठवड्याच्या आत काटेरी तारेचं कुंपण घातलं.

आधी मध्यस्थ आले. मग भाऊबिजेला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, संपतशेठ स्वतः आले. हातात साडीचा बॉक्स, मिठाई. मधल्या काळात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. शर्ट अंगावर लोंबत होता. मी दाराशी रांगोळी काढत होते, ती तशीच सोडून आत जायला निघाले, तर शालनताई म्हणाल्या, "थांब, सुरेखा. तू हाय तिथं ऱ्हा."

मग भावाला म्हणाल्या, "ओवाळून घ्यायला आलास, का रस्ता मागायला? एकच सांग."

संपतशेठनी बॉक्स आणि मिठाई ओट्यावर ठेवली.

"ओवाळून घ्यायचं आसंल तर पाट मांडते. पर मग रस्त्याचं नाव जन्मात काढायचं न्हाई. रस्ता पायजेल तर अर्ज कर. दोन्ही एका ताटात न्हाई."

 मी मनातल्या मनात म्हणत होते, बसा हो पाटावर, बसा. संपतशेठनी ओट्यावर ठेवलेला बॉक्स उचलला आणि गेले.

शालनताई आत जाऊन पाट भिंतीला लावून आल्या. तो त्यांनी आधीच काढून ठेवला होता.

तहसीलदारांकडे सुनावणी होती तेव्हाही मी बरोबर गेले. तहसीलदार तरुण बाई होत्या, नकाशा समोर पसरून बसलेल्या. त्यांनी शालनताईंना विचारलं, "भावाच्या शेडला दुसरीकडून वाट नाही. तुमचं म्हणणं काय?"

"त्याला रस्ता मिळाला पायजेल," शालनताई म्हणाल्या. "वाट नसल्यावर रान असून काय उपेग? तो त्याचा हक्क हाय."

संपतशेठनी मान वर केली. त्यांना वाटलं असणार, बहीण विरघळली. मलाही तसंच वाटलं.

"मग तुम्ही रस्ता देता, असं लिहून घेते," तहसीलदारबाई म्हणाल्या.

"न्हाई. मी देत न्हाई."

"अहो, आत्ताच तुम्ही..."

"हक्क हाय, म्हणले. देते, म्हणले न्हाई. मी दिला तर उद्या गावात सांगंल, बहिणीनं मायेपोटी दिला. मायेपोटी मी एकदा दिलंय. तुमी हुकूम काढा, म्याडम. कायद्यात बसंल तेवढा रस्ता. बोटभर कमी नको, बोटभर जास्त नको. देणारी म्हणून माझं नाव त्यात नको."

तहसीलदारबाईंनी पेन खाली ठेवलं. संपतशेठ खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. "ताई," ते म्हणाले, "मला हुकूम नको. मी तुझा भाऊ म्हणून मागतो."

"भाऊ म्हणून मिळायचा न्हाई. अर्जदार म्हणून माग."

 कारकून कागद खालीवर करायचा थांबला. 

"अर्जदार म्हणून मागतो," संपतशेठ म्हणाले.

"आता मिळंल," शालनताई म्हणाल्या. तहसीलदारबाईंच्या आधी.

बाहेर आल्यावर त्यांनी उसाचा रस घेतला. एक ग्लास संपवून दुसरा मागितला. "लई गोड हाय," म्हणाल्या. मी माझा ग्लास अर्धा तसाच ठेवला. एखाद्याचा हक्क बोटभरही कमी करायचा नाही, पण त्याला मायेचा कणही लागू द्यायचा नाही, हे मी कधी बघितलं नव्हतं. ज्यानं तिचा हक्क माया म्हणून लुबाडला, त्याला तिनं माया मागायला आल्यावर हक्क दिला. याहून निष्ठुर काही असेल असं मला वाटत नाही, आणि याहून सरळही.

बारा फूट रस्त्याचा हुकूम झाला. शालनताईंनी दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ मारून घेतली.

त्यानंतर आम्ही सांगवीला राहायला गेलो. वर्षभरानं मुलीच्या बारावीच्या निकालाचे पेढे घेऊन मी शालनताईंच्या गावी आले. घरी कोणी नव्हतं. रामदासभाऊ शेळ्यांमागं गेलेले. शालनताई रानात असतील म्हणून मी तिकडं चालत गेले. चारी बाजूंना शेड आणि मधे त्यांचा भुईमूग. जागा भाड्यानं मागायला किती जण येऊन गेले होते, त्यांनी कोणालाच दिली नव्हती.

मी पोचले तेव्हा एक लांबलचक ट्रक रस्त्यावरून शेडकडं वळत होता आणि त्याचं मागचं चाक रेघ ओलांडून भुईमुगात शिरलं होतं. शालनताई खुरपं हातात घेऊन चाकापुढं उभ्या होत्या. ड्रायव्हर उत्तर प्रदेशातला, खिडकीतून डोकं काढून काकुळतीनं काही सांगत होता. तेवढ्यात शेडकडून संपतशेठ आले, काठी टेकत, दम लागलेला. मला वाटलं, आता तोंडं वाजणार.

संपतशेठनी बहिणीकडं बघितलं नाही. ट्रकच्या मागं जाऊन उभे राहिले आणि हात हलवला. "घे. मागं घे."

शालनताई पुढच्या बाजूला सरकल्या. "घे," त्या चाकाकडं बघत म्हणाल्या. "अजून. डावीकडं काप."

"घे, घे."

"हळू."

ट्रक फूटफूट मागं सरकत होता. एक आवाज मागून, एक पुढून. ठसकेबाज, शेवटचा शब्द खाली दाबणारा, दोन्हीकडून तोच. चाक रेघेच्या आत आलं तसे दोघं एकाच क्षणी ओरडले, "बास!"

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि दोन्हीकडं आळीपाळीनं बघितलं. "मौसी," तो म्हणाला, "आप दोनों भाई-बहन हो क्या?"

संपतशेठ काठी टेकत शेडकडं चालायला लागले होते. शालनताईंनी वाकून चाकाखाली चेंगरलेला वेल उपटला, मुळाची माती झटकली.

"गाडी सीधी रख," त्या म्हणाल्या.